दोनच्या रकान्यातली फुली

मला सॉफ्टवेअर साधं हवं होतं, पण त्याचं कारण साधं नव्हतं. ते आधीच सांगून टाकते, नाहीतर मागाहून कोणीतरी म्हणायचं, बाईने ताकाला जाऊन भांडं लपवलं.

घरात कॉम्प्युटर आला तो माझ्या नणंदेच्या पुस्तकासाठी. वन्सं चौऱ्याहत्तर वर्षांच्या. छत्तीस वर्षं इस्पितळात काढली, त्यातली शेवटची बारा मेट्रन म्हणून. लग्न केलं नाही. आपलं लग्न वॉर्डाशी लागलं असं त्या सांगतात, आणि ऐकणाऱ्याने त्यावर कौतुकाने मान हलवायची असते. मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको. एकतीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होते. आमचे हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. घर त्यांनी आम्हा दोघींच्या नावावर करून ठेवलं, मागे भांडणं नकोत म्हणून. तेव्हापासून आम्ही दोघी तीन खोल्यांत विळ्याभोपळ्यासारख्या नांदतोय. त्या मला नावाने हाक मारत नाहीत, 'टायपिस्टबाई' म्हणतात. मी त्यांना वन्सं म्हणते, कारण दुसरं जे तोंडात येतं ते म्हणता येत नाही.

आता ती दुपार सांगते, कारण सगळं तिथेच अडकलंय.

ह्यांचं हृदय थकलं होतं. नाडी ताब्यात ठेवायची एक गोळी असायची, सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ वाजता. वन्संनी पहिल्याच दिवशी कपाटाच्या दारावर चार्ट चिकटवला, थेट वॉर्डातल्यासारखा. गोळी जिने दिली तिने त्या वेळेच्या रकान्यात आपली खूण करायची. वन्संची फुली, माझी बरोबरची खूण. रकाना रिकामा असेल तर गोळी दिलेली नाही असं समजायचं. हे त्यांनी मला तीनदा ऐकवलं, जशी काही मी कोर्टात अंगठा उठवायलाच जात होते.

त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून अडीचला घरी आले. वन्सं आंघोळीला गेल्या होत्या. मी चार्ट पाहिला. दोनचा रकाना रिकामा होता. हे गुंगीत होते. गोळी म्हटलं की नुसतं तोंड उघडायचे. मी गोळी दिली, पाणी पाजलं, खूण केली. सहाच्या सुमाराला नाडी उतरायला लागली. वन्संनी मनगट धरलं आणि दोनची गोळी कोणी दिली म्हणून विचारलं. मी दिली, अडीचला, असं मी सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. दोनला आपणही दिली होती, म्हणाल्या. अँब्युलन्स आली. मी ह्यांच्याबरोबर गेले, त्या घर बंद करून मागून आल्या. आठच्या आत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या गोळीमुळे झालं असेल, नसेलही.

चौथ्या दिवशी मी चार्ट काढायला गेले, तर दोनच्या रकान्यात दोन खुणा होत्या. आधी वन्संची फुली आणि तिला चिकटून माझी बरोबरची खूण.

म्हणजे फुली समोर असताना मी तिच्या शेजारी खूण केली होती. साहेबांच्या वीस-वीस पानी निकालांतली एक मात्रा ज्या नजरेतून निसटली नाही, त्या नजरेला बोटभर रकान्यातली फुली दिसली नव्हती. मनात पाप येऊन गेलं, नाही असं नाही. मग माझी मलाच लाज वाटली. कोणी काही करेल, मेट्रन चार्टला हात लावणार नाही.

वन्सं मला कधी वाकडं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मीही चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. त्या पाहुण्यांसमोर एवढंच म्हणायच्या, "फुली होती. तिला घाईत दिसली नसेल, बिचारी." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ते 'बिचारी' मी अकरा वर्षं गिळत आले, आणि त्याहून वाईट म्हणजे माझी स्वतःचीच खात्री राहिली नाही. डोळे मिटले की कधी रकाना रिकामा दिसायचा, कधी त्यात फुली दिसायची. चार्ट तर कधीच कचऱ्यात गेला होता.

आणि आता नर्सिंग स्कूलने वन्संना पुस्तक लिहायला सांगितलं. घरच्या घरी रुग्णाची शुश्रूषा कशी करावी, हा विषय. त्यांनी स्वतःचा एक वापरलेला कॉम्प्युटरही पाठवून दिला. वन्संना काचबिंदू. नळीतून पाहावं तेवढं मधलं दिसतं, बाकी अंधार. तेव्हा त्यांनी सांगायचं आणि मी टाईप करायचं, असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं. एका रविवारी सगळे नातेवाईक जमले असताना त्यांनी पुस्तकात काय काय असेल ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, सातवा धडा औषधं देण्याचा, त्यात आपल्या घरातलं उदाहरण घालणार आहे. नाव न घेता, अर्थात. नव्या मुलींना बोध होईल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच पाहणं थांबवलं.

म्हणजे आता ते छापून येणार होतं. दरवर्षी नव्या मुली येणार, पुस्तक उघडणार, आणि डोळे असून आंधळी असलेल्या एका बायकोची गोष्ट पाठ करणार. मी त्याच रविवारी ठरवलं की फुलीचं ते वाक्य मी बदलायचं. बाकी पुस्तक त्यांचं त्यांना लखलाभ. मला फक्त एक वाक्य हवं होतं: रकान्यात फुली नव्हती. खरं होतं की खोटं, हे मलाही माहीत नव्हतं. तरी हवं होतं.

म्हणून सॉफ्टवेअर साधं हवं होतं. ज्याला काही आठवत नाही, असं.

इमारतीच्या खाली कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ते चालवणारी बाई पन्नाशीची, चष्मा कायम केसांत खोवलेला आणि कायम तोच शोधत असते. वन्संनी तिला वर बोलावलं आणि पुस्तक टाईप करायला काय घ्यावं म्हणून विचारलं. तिने आधी आणलं ते कचेऱ्याकचेऱ्यांतून असतं ते मोठं सॉफ्टवेअर. उघडल्याबरोबर वर बटणांचा बाजार. कात्री, कुंचला, रंगाचा डबा. मला पुस्तक टाईप करायचं होतं, घराला रंग काढायचा नव्हता. पण दुकानवाली हौशी. तिने मी टाईप केलेल्या ओळीतला एक शब्द खोडून दाखवला. शब्द गेलाच नाही. लाल झाला, त्यावर आडवी रेघ आली आणि बाजूला चौकटीत खोडणाऱ्याचं नाव आणि वेळ. कोणी काय बदललं ते यात लपत नाही, असं ती म्हणाली.

वन्सं खुर्चीत ताठ झाल्या. "हेच ठेवा," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात याची गरज आहे."

मला राग आला. मी अजून काही केलंही नव्हतं, आणि ह्या बाईने दुकानवालीसमोर मला चोर ठरवलं होतं. माझ्या मनात चोरी होती हा भाग वेगळा. ते त्यांना कुठे माहीत होतं?

दुकानवालीने आठ दिवस वापरून बघा म्हणून सांगितलं होतं. या सॉफ्टवेअरला एक खोड आहे. ओळीच्या सुरुवातीला आकडा टाकून टिंब दिलं की त्याला वाटतं आपण यादी करतोय, आणि पुढच्या ओळीचा आकडा ते स्वतःच टाकतं. ही सोय बंद करता येते. दुकानवालीने जाताना ते बटण मला दाखवलं होतं. मी बंद केलं नाही. दुसऱ्या दिवशी वन्संनी नमुन्याचा चार्ट सांगितला, आठ, दोन आणि पुन्हा आठ. मी पहिल्या ओळीत आठ टाकले, बाकीचे आकडे त्या सॉफ्टवेअरला टाकू दिले, आणि संध्याकाळी जे दिसत होतं ते निर्विकारपणे वाचून दाखवलं. सकाळी आठ, मग नऊ, मग दहा.

वन्संच्या हातातला चहा बशीत सांडला. दोन तासांत तीन गोळ्या म्हणजे रुग्ण गेला, त्या म्हणाल्या. तुला आकडे वाचता येत नाहीत का? मी म्हटलं, मला येतात, हे टाकलेत तुमच्या पहारेकऱ्याने. स्वतःच्या अकलेने. औषधांच्या पुस्तकात असलं चालणार असेल तर माझी हरकत नाही. त्यांनी दुकानवालीला त्याच मिनिटाला फोन लावला आणि छत्तीस वर्षांत कुठल्या शिकाऊ नर्सला झापलं नसेल इतकं झापलं. त्या गरीब बाईचा यात काडीचा दोष नव्हता. मला थोडं वाईट वाटलं, पण थोडंच.

दुसरं सॉफ्टवेअर इंटरनेटवरचं होतं. त्यात सेव्ह करायलाच नको, प्रत्येक अक्षर आपोआप जपून ठेवलं जातं, आणि हवं तर गेल्या मंगळवारी दुपारी तीनला पान कसं होतं तेही उघडून पाहता येतं. शिवाय नर्सिंग स्कूललाही त्यांच्या तिकडून वाचता येईल. दुकानवाली हे सांगत होती आणि वन्संचा चेहरा खुलत चालला होता. घरात पहारेकरी होताच, आता चौकीच बसणार होती.

यावर मला फार काही करावं लागलं नाही. मी फक्त विचारलं की हे सगळं जपून कुठे ठेवतात. दुकानवालीने प्रामाणिकपणे सांगितलं की कंपनीच्या यंत्रांवर, कुठेतरी लांब. मी म्हटलं, म्हणजे वन्संच्या रुग्णांच्या हकिगती परक्या माणसाच्या कपाटात. एवढं पुरलं. रुग्णाची गोष्ट वॉर्डाबाहेर जाता कामा नये, हा वन्संचा धर्म. खाटेवरच्या माणसाला काय झालंय हे त्या स्वतःच्या आईलासुद्धा सांगत नसत. त्यांनी हात हलवला, नको म्हणाल्या. काट्याने काटा काढला की बरं वाटतं. मला फारच बरं वाटलं.

राहिलं तिसरं. ते कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच होतं, फुकटचं. उघडलं की एक कोरं पान. टाईप करा, सेव्ह करा, छापा. दुकानवालीने नाक मुरडलं. वाणसामानाची यादी करायला ठीक आहे, म्हणाली. पण तिने स्क्रीन काळा केला, अक्षरं पिवळी केली आणि ती मोठी मोठी करत गेली. वन्सं पुढे झुकल्या. चार शब्द त्यांनी स्वतः वाचले. कितीतरी दिवसांनी वाचले असतील, कारण त्यांचा आवाज बदलला. मग लगेच सावरून त्यांनी विचारलं, "यात कोणी काय बदललं ते कळतं?"

"यात काहीच कळत नाही," दुकानवाली म्हणाली. "सेव्ह करून बंद केलं की आधी काय होतं ते गेलं."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. वन्सं बराच वेळ त्या पिवळ्या अक्षरांकडे बघत बसल्या. नकार येणार हे मी धरूनच चालले होते, आणि पुढचा डाव काय टाकावा याचा विचारही सुरू केला होता. त्या म्हणाल्या, "राहू दे हेच. पण रोज संध्याकाळी दिवसभराचं सगळं वाचून दाखवायचं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत."

मी हो म्हटलं. हो म्हणायला माझं काय जात होतं? टाईप करायचं 'नव्हती' आणि वाचायचं 'होती'. पान वाचण्याइतके त्यांचे डोळे टिकत नाहीत. छापून आलं की मग बसा बोंबलत.

दीड महिना आम्ही रोज सकाळी दहा ते एक कामाला बसायचो. त्या खिडकीपाशी, मी टेबलापाशी. कोर्टातल्या साहेबांचं सांगणं परवडलं, निदान ते टायपिस्टला माणूस तरी समजायचे. वन्सं वॉर्डात हुकूम सोडावेत तसं वाक्य सोडायच्या आणि शेवटी 'पूर्णविराम' असं ठासून म्हणायच्या, मला तो द्यायचा कळणार नाही म्हणून. माझ्या बोटांच्या आवाजावर त्यांचा कान असायचा. जरा थांबले की विचारायच्या, दमलीस की अडलीस? मी उत्तर द्यायचे नाही, पुढचा शब्द जोरात आपटायचे. टेबलावर पाण्याचा पेला ठेवू द्यायच्या नाहीत. मी त्यांच्या खुर्चीची उशी मुद्दाम उन्हात विसरायचे. साठी ओलांडलेल्या दोन बायकांनी असं वागावं का? वागू नये. पण वागत होतो.

आणि हे सांगायला जीभ जड होते, पण पुस्तक चांगलं होत होतं. अंथरुणात खिळलेल्या माणसाच्या जखमांवरच्या धड्यात त्यांनी एक वाक्य सांगितलं: 'रुग्णाला स्वतःची पाठ दिसत नाही, म्हणून ती पाहणं तुमचं काम आहे.' मी ते टाईप केलं आणि थोडा वेळ हात तसेच ठेवले. दमलीस की अडलीस, त्यांनी विचारलं. दमले, मी म्हटलं.

सातवा धडा एका गुरुवारी सुरू झाला. गोळ्यांची नावं, मात्रा, वेळा, चार्ट. साडेबाराला त्या थांबल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि खिडकीकडे तोंड करून सांगू लागल्या. माझ्याकडे पाठ करून त्या कधीच सांगत नसत.

"एका घरात एक रुग्ण होता. त्याची शुश्रूषा त्याची पत्नी आणि एक अनुभवी सिस्टर मिळून करत होत्या. पूर्णविराम. दुपारची गोळी सिस्टरने दोन वाजता दिली. पूर्णविराम. दोनच्या रकान्यात सिस्टरची फुली होती. पूर्णविराम. पत्नीने चार्ट नीट न पाहता अडीच वाजता दुसरी गोळी दिली. पूर्णविराम."

मी टाईप केलं. तिसऱ्या वाक्याला 'होती'च्या जागी 'नव्हती' केलं. बोटं थांबली नाहीत, वेग तोच ठेवला, त्यांच्या कानाला काही कळू दिलं नाही. सेव्ह केलं. फाईल बंद केली. एवढं सोपं होतं ते. अकरा वर्षं छातीवर धोंडा ठेवून हिंडले आणि तो हलवायला एक शब्द पुरला. जेवताना मी दोन घास जास्त खाल्ले. वन्संनी मात्र ताट तसंच सारलं.

संध्याकाळी पाचला मी वाचायला बसले. आकडे, मात्रा, वेळा, सगळं वाचलं. मग ते उदाहरण आलं.

इथे एक सांगायला हवं. कोर्टात टायपिस्टला पहिली सवय लावतात ती वाचून दाखवायची. साक्षीदार काय बोलला, साहेब काय म्हणाले, आपल्या मनात काय आहे, यातलं काहीही वाचायचं नाही. कागदावर जे उमटलंय तेच वाचायचं. चुकीचं उमटलं असेल तर चुकीचं वाचायचं, साहेब सांगतील तेव्हा दुरुस्त करायचं. एकतीस वर्षं मी हेच केलं. खोटं बोलता मला येतं, हवं तेवढं. समोरच्या अक्षरांहून वेगळं वाचता येत नाही. हे मला त्या गुरुवारी पाच वाजून गेल्यावर कळलं.

"दोनच्या रकान्यात," मी वाचलं, "सिस्टरची फुली नव्हती."

ऐकलं आणि माझेच कान तापले. जीभ चावावी असं झालं. पण उच्चारलेला शब्द काही खोडता येत नाही. मी मान वर न करता वाट पाहत राहिले. आता भांडण, आता दुकानवालीला फोन, आता सगळे नातेवाईक, आता पुन्हा बिचारी. बिचारी तर बिचारी, वर खोटारडी.

भिंतीवरच्या घड्याळाकडे मी दोनदा पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "पुढे वाच."

"पत्नीने चार्ट नीट न पाहता अडीच वाजता दुसरी गोळी दिली," मी वाचलं.

"हे वाक्य आता बसत नाही. काढून टाक." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, सुनावल्यासारखा. "त्या जागी असं घाल. पत्नीने चार्ट पाहिला आणि चार्टवर विश्वास ठेवला. पूर्णविराम."

माझे हात मांडीवर होते. ते मी उचलले नाहीत.

"फुली सिस्टरने नंतर केली," त्या पुढे सांगू लागल्या. "रुग्णाला अँब्युलन्समधून नेल्यावर. घर बंद करायला मागे राहिली होती तेव्हा. पूर्णविराम. गोळी दिली आणि दाराची बेल वाजली, म्हणून खूण करायची राहिली होती. पूर्णविराम." मग थांबून म्हणाल्या, "आवाज येत नाही. टाईप करत नाहीयेस तू."

"नाही," मी म्हटलं.

म्हणजे माझे डोळे बरोबर होते. रकाना रिकामा होता, मी पाहिला होता, मला दिसला होता. मला वाटलं होतं हे कधी कळलं तर मी रडेन. रडू आलं नाही. मला त्यांच्या अंगावर कॉम्प्युटर फेकावासा वाटला. माझ्याच नवऱ्याच्या मरणाचं पाप माझ्या माथी मारून ही बाई अकरा वर्षं माझ्या हातचा चहा पीत होती.

"तू बदलशील, हे वाटलंच होतं मला," वन्सं म्हणाल्या. "वाचून दाखवशील, असं वाटलं नव्हतं."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. तिसरं सॉफ्टवेअर मी जिंकले नव्हते. त्यांनी ते मला घेऊ दिलं होतं. खरं पुस्तकात जावं, पण ते स्वतःच्या तोंडून सांगायला लागू नये. मी गुपचूप बदलायचं, त्यांनी गुपचूप छापू द्यायचं, आणि पुढे कधीतरी विचारलंच कोणी तर मेट्रनबाईंनी म्हणायचं, टायपिस्टने बदललंय. कबुलीसुद्धा माझ्याकडून टाईप करून घ्यायची होती आणि वर तिच्याखाली खोटेपणाची सहीही माझीच.

"का?" मी विचारलं. "अकरा वर्षं का?"

"तुझ्याकडून औषध चुकलं तर लोक काय म्हणणार होते? टायपिस्ट आहे, तिला काय कळतं, बिचारी." त्या अजूनही खिडकीकडेच बघत होत्या, तिथे त्यांना काहीही दिसत नसताना. "माझ्याकडून चुकलं असतं तर मी कोण उरले असते?"

"आणि मी कोण उरले, वन्सं?"

त्यांनी हात पुढे करून खुर्चीचा दांडा चाचपला. मी उठले नाही, त्यांचा हात दांड्यावर नेऊन ठेवला नाही. थोड्या वेळाने मी वाक्यं टाईप केली, त्यांनी सांगितली होती तशीच, एकेक पूर्णविरामासकट. फक्त 'सिस्टर' या शब्दावर थांबले. म्हटलं, "ही सिस्टर कोण ते लिहायचंय. नाव न घेता, अर्थात."

"मी," त्या म्हणाल्या. "मी असं लिही."

मी सगळ्या ओळी पुन्हा केल्या. दुपारची गोळी मी दोन वाजता दिली. दोनच्या रकान्यात माझी फुली नव्हती. पत्नीने चार्ट पाहिला आणि चार्टवर विश्वास ठेवला. फुली मी नंतर केली. मग त्या सगळ्या मोठ्याने वाचून दाखवल्या, आणि ऐकू आलं नाही असं त्या म्हणाल्या नसतानाही दुसऱ्यांदा वाचल्या. वन्संचे डोळे पाणावले होते. मला दया आली नाही. इतकी वर्षं त्यांचा रागसुद्धा मी चोरून, भीत भीत केला होता, कोण जाणे आपलाच दोष असायचा म्हणून. त्या संध्याकाळी मी समोर बसून त्यांच्याकडे डोळे भरून पाहिलं आणि पहिल्यांदा निर्धास्तपणे त्यांचा राग केला.